मागची काच आणि कोपऱ्यातलं कुसळ

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे, आणि स्वभावाने भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज कापला तर तुम्ही दचकायला नको. दोन माणसांची एक जुनी, बुटकी गाडी असते. तिला पत्र्याचं सुटं टप मिळतं. हवं तेव्हा बोल्ट आवळून बसवायचं, नको तेव्हा दोघांनी धरून उचलून ठेवायचं. हार्डटॉप म्हणतात त्याला. त्या टपाच्या पाठीला जी रुंद, दोन्ही टोकांना वळलेली खिडकी असते, ती मी.

माझी भीती मात्र माझ्या जन्माइतकीच जुनी आहे. मला कापलं, वाकवलं, माझे काठ घासून गुळगुळीत केले, इथवर सगळं ठीक होतं. मग मला भट्टीत घालून लाल होईपर्यंत तापवलं आणि बाहेर काढून दोन्ही अंगांनी गार वाऱ्याचा झोत सोडला. माझी कातडी झटकन आवळली, पोट मात्र अजून गरमच. पुढे पोट निवायला लागलं तेव्हा त्याला आकसायला जागाच उरली नव्हती. तो ताण तसाच आत राहिला, तो आजही आहे. कारखान्यातला माणूस माझ्यावर टिचकी मारून म्हणाला, "आता ही पक्की झाली." पोटात गोळा येणं आणि पक्कं होणं या दोन गोष्टी एकच असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आम्हा कडक काचांची एक गंमत आहे. तोंडावर मूठ मारा, सोसू. गारा पडू देत, सोसू. पण काठाला दाण्याएवढं कडक काही रुतलं, तर तडा वगैरे जात नाही. एका क्षणात सगळ्या अंगाचा जाड्या मिठासारखा चुरा होतो. अर्धी फुटले, थोडी वाचले, असं आमच्यात नसतं.

पहिली अकरा वर्षं मी एका गाडीच्या टपात सुखाने काढली. पुढच्या काचेला येणारं दिसतं, मला गेलेलं दिसायचं. मागे पडणारे दिव्यांचे खांब, हात हलवून परत घरात जाणारी माणसं, धुळीत लहान होत जाणारी कुत्री. मालक मला रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायचा आणि शेजाऱ्याला सांगायचा, "या काचेतून मागचं जग पुढच्यापेक्षा स्वच्छ दिसतं." एवढ्या कौतुकाने कोणीही फुगेल. मी फुगू शकत नव्हते, म्हणून नुसती चकाकत राहिले.

मग गाडीला गंज लागला. गाडी मोडीत गेली, टप मोडीत गेलं, आणि मला एका बाईंनी परसातल्या वाफ्यावर झाकण म्हणून आडवी टाकली. माझ्याखाली टोमॅटोची रोपं वाढायची, माझ्यावर कोंबड्या बसायच्या. किती वर्षं, ते मोजलं नाही. कोंबड्यांचा राग नाही माझा. त्या निदान काठावर चोच मारत नव्हत्या. पण पुसणारं कोणी नव्हतं, आणि माझ्यातून पाहणारंही कोणी नव्हतं. दिसेनाशी झालेली काच म्हणजे काय, तर झाकण.

तिथून माझी सुटका झाली ती एका दाढेमुळे. गावात दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या वडिलांची, अगदी माझ्या आधीच्या गाडीसारखीच गाडी त्यांच्याकडे आली होती, आणि तिचा फोटो दवाखान्याच्या भिंतीवर होता. दाढ काढायला आलेल्या एका माणसाने, तोंडात कापसाचे बोळे असताना, त्या फोटोकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटलं. डॉक्टरीणबाईंनी बोळे काढले. तो म्हणाला, "अशी काच आमच्या मावशीच्या टोमॅटोवर आहे." बाईंनी दाढ तशीच ठेवली आणि आधी पत्ता लिहून घेतला.

कारण त्यांच्या टपाची स्वतःची काच महिन्यापूर्वीच फुटली होती. बसवताना फुटली होती. हे मला वर्कशॉपमध्ये पोचल्यावर समजलं, आणि माझ्या पोटातला गोळा जागा झाला.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर खिळ्यांना काळ्या रबराची वेटोळी टांगलेली. खिडकीखाली लाकडी टेबल, त्यावर दुहेरी घडीची घोंगडी. मला त्या घोंगडीवर झोपवलं. उशाशी एक पत्र्याचा डबा होता. त्यात हिरवट चुरा काठोकाठ भरलेला. ती माझ्या आधीची. एकाच भट्टीतली आम्ही, कदाचित एकाच दिवसाची. मित्रांनो, दवाखान्यात तुमच्या खाटेशेजारी आधीच्या रोग्याची हाडं डब्यात भरून ठेवलेली असली तर तुम्हाला झोप लागेल का, तेवढं सांगा.

वर्कशॉप मिस्त्रींचं होतं. चाळीस वर्षं त्यांनी काचा बसवण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. त्यांचा मुलगा कुठल्याशा कचेरीत पंख्याखाली बसायचा, त्याला हाताला काळं लागलेलं खपत नसे. त्याची बायको, म्हणजे मिस्त्रींची सून, लग्नानंतर चौथ्याच वर्षी पदर खोचून या खोलीत आली ती इथलीच झाली. आता दहा वर्षं ती सासऱ्यांच्या हाताखाली काम करत होती.

तिथे एक रीत होती. काच बसवण्याआधी मिस्त्री डोळे मिटायचे आणि टपाच्या भोकाच्या कडेवरून, आतल्या अंगाने, उजव्या हाताचं मधलं बोट सावकाश सगळीकडून फिरवायचे. पत्र्याची कड आत वळलेली असते. तिथे सावली असते, नजर पोचत नाही. रंगाचा थेंब, वेल्डिंगची गाठ, जुन्या रबराचा वाळलेला गोळा, जे काही असेल ते बोटालाच कळतं. फेरा पुरा झाला की मिस्त्री म्हणायचे, "साफ." त्यांनी साफ म्हटलं की त्यावर दुसऱ्या कोणी बोट फिरवायचं नाही. तसा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण फिरवणं म्हणजे चाळीस वर्षांवर अविश्वास दाखवणं. सूनबाईंनी दहा वर्षांत एकदाही फिरवलं नव्हतं.

आधीच्या काचेलाही ते साफ म्हणाले होते.

"काचच आतून कच्ची होती," मिस्त्री त्या डब्याकडे न बघता म्हणायचे. "जुना माल. त्याला कोण काय करणार."

"हो बाबा," सून म्हणायची.

"ही फुटली तर मात्र मी हत्यारं खाली ठेवीन."

 मग तो दिवसभर ती हत्यारं जरा जास्तच नीट पुसून ठेवायची.

आता माझी खरी भीती ऐका. आदल्या दिवशी दोघांनी माझ्या काठाभोवती नवीन रबर चढवलं आणि मला टपाच्या भोकाशी नुसतं टेकवून पाहिलं, मापात आहे का म्हणून. तेव्हा मिस्त्रींच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, रबराच्या पलीकडून, मला काहीतरी टोचलं. अगदी बारीक, पण कडक. त्या कोपऱ्यात गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा जोडलेला होता, आणि जोडाच्या टोकाला वेल्डिंगचं एक कुसळ राहून गेलं होतं. आधी ते रंगाखाली झाकलेलं असावं. आधीची काच फुटल्यावर मिस्त्रींनी कड पात्याने खरवडली, तेव्हा ते उघडं पडून आणखी टोकदार झालं. डब्यातली कच्ची नव्हती. तिला हेच कुसळ रुतलं होतं. हे फक्त दोघींना ठाऊक होतं, आणि त्यातली एक डब्यात होती.

काचेला बोलता येत नाही, मित्रांनो. मी माझ्या परीने "टिक्" असा आवाज केला. सून थबकली. "बाबा, आवाज आला?"

"रबर नवं आहे, कुरकुरणारच," मिस्त्री म्हणाले. "नव्या सुनेसारखं."

"मी नाही कुरकुरले कधी."

"तू तर अजून कुरकुरतेस."

दोघं हसली. मला त्या हसण्याने रडू यायला हवं होतं, पण त्या दिवशी हवा कोरडी होती, अंगावर दवसुद्धा धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई दवाखाना दोन तास बंद ठेवून आल्या. टप दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेलं होतं. सूनबाईंनी बादलीत साबणाचं पाणी केलं, म्हणजे रबर पत्र्यावर सहज सरकावं. पाणी जरा जास्तच तापलं होतं. तिने बोट बुडवून झटकन मागे घेतलं. "थांबा बाबा, कढत आहे."

मिस्त्रींनी मनगटापर्यंत हात घातला, फडकं भिजवलं, पिळलं. "कुठे कढत आहे?"

मी ते पाहिलं आणि आतल्या आत गोठले. सुनेनेही पाहिलं. "चाळीस वर्षांचे हात आहेत," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, जरा अभिमानाने.

मग मिस्त्रींनी हात पुसले, डोळे मिटले आणि कडेवरून मधलं बोट फिरवायला सुरुवात केली. वरून डावीकडे, डावीकडून खाली. इतकं सावकाश, इतकं मायेने, की पाहणाऱ्याला वाटावं हा माणूस वीणा लावतोय. बोट खालच्या कडेने सरकत त्या कोपऱ्याकडे आलं. आता कळेल, मी मनात म्हटलं. आता थांबेल. बोट कोपऱ्यात गेलं, कुसळावरून गेलं, आणि न थांबता वर निघून गेलं.

"साफ," मिस्त्री म्हणाले.

खरं सांगते, त्या एका शब्दाने मी मनातल्या मनात चुरा झाले. नंतर जे व्हायचं ते फक्त आवाजापुरतं उरलं होतं.

रबराच्या बाहेरच्या खाचेत दोरी भरलेली होती. तिची दोन टोकं वरच्या मध्यावरून टपाच्या आत लोंबत होती. कामाची पद्धत अशी: बाहेरून दोघांनी काच दाबून धरायची, आतून एकाने दोरी ओढत जायची. दोरी निघते तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावरून उलटून आत येते. सून टपाखाली ठेंगण्या स्टुलावर बसली. मिस्त्रींनी एका बाजूने तळवे लावले, डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या.

"बाई, जमेल ना?" मिस्त्रींनी विचारलं. "हलायचं नाही, जोर करायचा नाही, सोडायचंही नाही."

"दिवसभर लोकांचे जबडे धरते मी, मिस्त्री. काच निदान चावत नाही."

"ओढ," मिस्त्री म्हणाले.

दोरी सुटू लागली. डॉक्टरीणबाईंच्या बाजूने रबर वळलं, पत्र्यावर बसलं, कोपरा वळून खाली आलं. छान बसत होतं. हेच भयंकर होतं. जितकं छान बसत होतं तितका त्या दुसऱ्या कोपऱ्यावर माझा भार वाढत होता. खालची कड अर्धी झाली. कुसळ रबरात शिरलं. पाऊण झाली. आता माझ्या काठात आणि त्या टोकात जाड्या कागदाएवढं रबर उरलं होतं. मला माझ्या पोटातला सगळा ताण त्या एका जागेकडे धावताना कळत होता, जत्रेत अफवा उठल्यावर माणसं एकाच दाराकडे धावतात तसा. मला टोमॅटो आठवले. कोंबड्या आठवल्या. झाकण म्हणून जगणं काय वाईट होतं, असंही वाटून गेलं.

आणि दोरी थांबली.

"ओढ ना," मिस्त्री म्हणाले. "कोपऱ्यावर थांबू नये."

सून आतून माझ्याकडे पाहत होती. माझ्याकडे नाही, माझ्यातून. कितीतरी वर्षांनी कोणीतरी माझ्यातून पाहत होतं. माझ्या बाहेरच्या अंगावर, मिस्त्रींच्या तळव्याखाली, साबणाचा फेस गुलाबी झाला होता. त्यातून एक बारीक लाल ओघळ खाली चालला होता.

"बाबा, बोटाला लागलंय तुमच्या."

"कुठे?" मिस्त्रींनी मान वळवून डावा हात पाहिला. मग त्याच हाताची मागची बाजू पाहिली.

रक्त उजव्या हाताचं होतं. मधल्या बोटाचं.

 सूनबाईंनी दोरी हातातून सोडली. "बाई, दोन्ही बाजूंनी तुम्हीच धरा," ती म्हणाली, आणि टपाखालून बाहेर आली. तिने सासऱ्यांचा हात माझ्यावरून अलगद काढला. बोटाचं टोक चांगलं अर्धा इंच चिरलं होतं.

डॉक्टरीणबाई हात पसरून मला कवटाळून उभ्या होत्या, गाल काचेला टेकलेला. तिथूनच त्यांनी सवयीने विचारलं, "दुखतंय का?"

मिस्त्री बोटाकडे बघत होते, दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं. "दुखत नाही," ते म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

"कधीपासून?" सुनेने विचारलं.

"झालं असेल वर्ष. हातमोजे घातल्यासारखं वाटतं. आधी टोकांना, आता पेरापर्यंत."

"आणि तुम्ही फेरा घालत होतात."

"सवय होती, पोरी. बोट फिरायचं. मला वाटायचं काही लागलं नाही, म्हणजे काही नाही." त्यांनी घोंगडीशेजारच्या डब्याकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदा पाहिलं. "म्हणजे ती कच्ची नव्हती."

"नव्हती," सून हळूच म्हणाली.

"मीच फोडली."

"मी नुसती बघत बसले, बाबा. पाणी कढत होतं हे मला कळलं होतं. मला वाटलं, तुमचे हातच तसे." तिने त्यांचं बोट आपल्या पदराने दाबून धरलं. "तुम्ही साफ म्हणालात की मी कधी हात लावला नाही. मान राखायचा म्हणून."

"मान राखलास," मिस्त्री म्हणाले, "काच राखली नाहीस." आणि मग जरा वेळाने, "तुला राखूच दिली नाही मी."

"मिस्त्री," डॉक्टरीणबाई माझ्या पलीकडून म्हणाल्या, "उद्या रक्त तपासून घ्या. साखर असणार. मी दातांची आहे, पण एवढं कळतं. आणि कोणीतरी या काचेला धरा आता, माझी मान आखडली."

मला परत घोंगडीवर आणलं. मिस्त्री म्हणाले, "सूनबाई, तू फिरव."

ती जागची हलली नाही.

"अगं फिरव. डोळे मिट. नखाने नाही, पेराच्या मऊ भागाने. घाई नको."

तिने डोळे मिटले. तिचं बोट त्यांच्यासारखं झोकात फिरत नव्हतं. अडखळत, थांबत, मागे जाऊन पुन्हा पुढे येत होतं. कोपऱ्यात पोचलं आणि तिथेच थांबलं. "आहे," ती म्हणाली. तिचा आवाज माझ्याहून जास्त कापत होता. "कुसळ आहे. इथे." मिस्त्री खाली मान घालून बसले होते. ते उठले, कानस घेतली आणि तिच्या हातात दिली.

कुसळ घासलं, कोपऱ्याला रंग लावला, तो वाळायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत सूनबाईंनी नऊ वेळा कडेवरून बोट फिरवलं. मी मोजलं. घाबरलेल्याला मोजायची सवय लागते.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच तिघं, तीच दोरी, या वेळी पाणी कोमट. डॉक्टरीणबाईंनी कडेवर बोट फिरवून स्वतःही एकदा बघितलं. कोणाला राग आला नाही. मिस्त्रींनी बोटाला चिंधी बांधली होती. त्यांनी तळवे लावण्याआधी माझ्यावर मधल्या बोटाच्या सांध्याने तीन ठिकाणी टकटक केलं आणि कान टेकवला. "बोट गेलं असेल," ते म्हणाले, "कान आहे अजून. सूनबाई, ही त्या दिवशी टिक् करत होती ना, ते रबर नव्हतं. हिने सांगितलं होतं आपल्याला. मी थट्टेवारी नेलं."

मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझी माफी मागणारा तो पहिलाच माणूस.

दोरी सुटली. एक कोपरा, खालची कड, आणि मग तो दुसरा कोपरा. मी डोळे मिटले असते, पण काचेला ते जमत नाही. "सावकाश," मिस्त्री कान लावून म्हणाले. "थांब. पाणी मार तिथे. आता." रबर वळलं. ओठ मिटावेत तसं पत्र्यावर मिटलं. काही टोचलं नाही. वरची कड पुरी झाली, दोरीचं शेवटचं टोक सुनेच्या हातात आलं, आणि डॉक्टरीणबाईंनी हळूच हात काढून घेतले. मी पडले नाही. मी बसले होते.

डबा अजून तिथेच आहे म्हणतात. मिस्त्रींनी तो फेकू दिला नाही. आता नवीन काच आली की दोघंही फेरा घालतात. आधी ते, डोळे मिटून, जुन्या ऐटीत. मग ती. साफ म्हणायचा मान अजून त्यांचाच आहे, फक्त ते तिच्या तोंडाकडे बघून म्हणतात.

मी आता रस्त्यावर असते. डॉक्टरीणबाई रविवारी गाडी काढतात आणि मला मागे पडणारं जग पुन्हा दिसतं. थंडीत सकाळी पत्रा आकसला की मी अजूनही "टिक्" करते. बाई गाडी बाजूला घेतात, उतरतात, मागे येऊन माझ्याकडे नीट बघतात आणि मगच पुढे निघतात. भीती गेलेली नाही. ती माझ्या पोटातच ओतलेली आहे, जाणार कुठे? पण घाबरलेल्याचं ऐकणारं कोणी असलं, की भीती घेऊनही लांबचा प्रवास होतो.

तेव्हा मित्रांनो, जुन्या गाडीची मागची काच दिसली तर तोंडावरून खुशाल हात फिरवा, पुसा, आरशासारखी वापरून केस नीट करा. काठाला मात्र जपा. मोठ्या माणसाने साफ म्हटलं तरी एकदा आपलं बोट फिरवा, त्याने कोणाचा मान जात नाही. आणि घरातलं कोणी कढत पाण्यात हात घालून "मला काही होत नाही" म्हणालं, तर कौतुक करू नका. तो हात आधी हातात घ्या.